नवशिक्यांचे संगणकशिक्षण : शोळिंगनल्लूर, विल्लियनूर आणि वारणा

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, म्हणजे आज राजीव गांधी सालै या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहापदरी मार्गावर शोळिंगनल्लूर वसलेले आहे. २०११ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत येईपर्यंत ते कांचीपुरम जिल्ह्यातील एक लहान नगरपंचायत होते. आज त्याच्या नावाने महापालिकेचा एक स्वतंत्र विभाग चालतो, आणि एल्कॉट या राज्य सरकारी महामंडळाचे विशेष आर्थिक क्षेत्र तसेच इन्फोसिस, विप्रो, एचसीएल अशा कंपन्यांची आवारे याच परिसरात असल्यामुळे देशातील संगणक-उद्योगाच्या नकाशावर त्याचे स्थान पक्के झाले आहे. मात्र याच रस्त्याच्या अंगाला कण्णगी नगर, सेम्मंजेरी आणि पेरुंबाक्कम या पुनर्वसन वसाहतीही आहेत. शहराच्या मध्यभागातील नदीकाठच्या झोपडपट्ट्यांतून आणि त्सुनामीनंतर किनाऱ्यावरून हलवलेली हजारो कुटुंबे तेथे राहतात, आणि त्यांतील अनेक स्त्रीपुरुष काचेच्या इमारतींत सफाई, पहारा आणि उपाहारगृहांची कामे करतात. संगणकप्रणाली लिहिणारे आणि रेशनकार्डावरील नाव दुरुस्त करण्याचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागणारे एकाच परिसरात नांदत असल्यामुळे, नवशिक्या प्रौढाला संगणक, इंटरनेट आणि डिजिटल माध्यमे कशी शिकवावीत या प्रश्नाचा विचार करण्यास हे ठिकाण योग्य आहे.

नवशिके केवळ त्या वसाहतींतच आहेत असे मात्र नाही. महाराष्ट्रातून नोकरीसाठी येथे आलेल्या तरुण दांपत्यांकडे नातवंडे सांभाळायला काही महिने येऊन राहणारे आईवडीलही, आयुष्यभर शिक्षकी किंवा कारकुनी केलेली असली तरी, या बाबतीत बहुधा नवशिकेच असतात. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या जीवन प्रमाण या व्यवस्थेमुळे तो आधार क्रमांकाच्या साहाय्याने चेन्नईत बसूनही देता येतो. पण ती सोय ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच ती मुलाची किंवा सुनेची सुट्टी पाहून वापरावी लागते. शिक्षण असूनही येणारे हे परावलंबन लक्षात घेतले, तर संगणक न येणे याला निरक्षरतेचे दुसरे नाव मानण्याची सवय सोडावी लागते.

या विषयातील भारतातला एक अत्यंत उद्बोधक प्रयोग शोळिंगनल्लूरच्याच रस्त्याशी जोडलेला आहे. या मार्गाच्या उत्तर टोकाकडे तरमणी येथे एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान ही १९८८ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिने १९९८ मध्ये कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राच्या मदतीने पुदुच्चेरीच्या खेड्यांत ग्रामज्ञान केंद्रे उभारण्यास प्रारंभ केला. विल्लियनूर येथे मुख्य केंद्र आणि भोवतालच्या गावांत उपकेंद्रे अशी रचना होती. दूरध्वनीच्या तारा भरवशाच्या नसल्याने मजकूर आणि आवाज रेडिओलहरींवरून पाठवला जाई, आणि वीज खंडित झाल्यास सौरऊर्जेचा आधार घेतला जाई. प्रतिष्ठानाने यंत्रे आणि प्रशिक्षण द्यायचे, गावाने जागा द्यायची, आणि त्या जागेत कोणत्याही जातीच्या माणसाला मज्जाव असता कामा नये, असा करार होता. केंद्रे चालवणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. एंबलम या गावी तर केंद्र देवळाच्या आवारात होते आणि ते स्त्रियाच चालवीत.

या स्त्रियांना जे शिकवले गेले त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. संगणक म्हणजे काय, त्याचे भाग किती, त्याचा शोध कोणी लावला, अशा पाठ्यपुस्तकी प्रश्नांना तेथे पहिले स्थान नव्हते. गावाला कोणती माहिती हवी याची पाहणी आधी झाली. मग बाजारभाव, सरकारी योजनांच्या पात्रतेच्या अटी, दवाखान्यांच्या वेळा, पिकांवरील रोग अशी माहिती तमिळमध्ये गोळा करून संगणकावर भरणे हेच प्रशिक्षणार्थींचे काम ठरले, आणि ते काम करता करता टंकलेखन, तक्ते, माहिती साठवणे आणि पाठवणे ही कौशल्ये आत्मसात झाली. ‘नम्म ऊर सेय्दि’, म्हणजे आपल्या गावची बातमी, या नावाचे एक स्थानिक वार्तापत्रही त्यातून निघू लागले. वीरमपट्टिणम या कोळ्यांच्या गावी अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घेतला जाई आणि तो तमिळमध्ये ध्वनिक्षेपकावरून सांगितला जाई. इंटरनेट म्हणजे काय याची व्याख्या त्या गावात कोणी पाठ केली नसेल. परंतु दूरच्या यंत्रावरील माहिती आपल्या होडीच्या निर्णयाला उपयोगी पडते हे सगळ्या किनाऱ्याला कळले होते. २६ डिसेंबर २००४ रोजी नल्लवाडु या गावातील एका माणसाने सिंगापूरहून दूरध्वनी करून समुद्र आत येत असल्याची सूचना दिली, तेव्हा तेथील ज्ञानकेंद्राचा ध्वनिक्षेपक वापरून गाव रिकामे करण्यात आले आणि सुमारे साडेतीन हजार लोकांचे प्राण वाचले. संगणकाने त्या दिवशी काहीच केले नाही, असे कोणी म्हणेल. पण माहिती आली की ती तपासून सर्वांना सांगायची, ही सवय केंद्रामुळे लागली होती, आणि माध्यमसाक्षरतेचा खरा गाभा तोच आहे.

पुदुच्चेरीतील केंद्रे सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे १९९८ मध्ये, महाराष्ट्रात वारणानगरच्या परिसरातील सत्तर गावांत वारणा वायर्ड व्हिलेज हा प्रकल्प राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी हाती घेतला. शेतकऱ्याला शेतीविषयक सल्ल्यापासून अभ्यासक्रमांच्या माहितीपर्यंत सर्व काही गावातल्या संगणकावर मिळावे ही कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रात येत ते उसाची नोंद, वजनाचे आकडे आणि बिलाची रक्कम पाहण्यासाठी. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन शाखेने सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशावरून हीच माहिती देऊन पाहिली, तेव्हा काम अधिक स्वस्तात आणि अधिक सोयीने झाले. याला संगणकाचा पराभव म्हणण्याचे कारण नाही. लोकांनी आपल्याला लागणारे तेवढेच निवडले आणि बाकीचे बाजूला ठेवले. शिकवणाऱ्याने याकडे तक्रारीने न पाहता अभ्यासक्रम ठरवण्याचे सूत्र म्हणून पाहावे हे उचित.

त्यानंतरचा काळ मोठ्या आकड्यांचा आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांतील केंद्रांमधून मराठीत उपलब्ध केला आणि शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने तो घरोघरी पोहोचला. तामिळनाडूने २०११ पासून शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लाखो लॅपटॉप मोफत वाटले. केंद्र सरकारच्या २०१७ मधील प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला वीस तासांचे प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि मार्च २०२४ अखेर ते ओलांडले. या तिन्ही प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तरीही शेवटच्या योजनेतील दोन अटी खटकतात : वयाची मर्यादा चौदा ते साठ होती, त्यामुळे हयातीचा दाखला देणारा वर्ग मुळातच बाहेर राहिला, आणि योजना ग्रामीण भागापुरती असल्याने सेम्मंजेरी किंवा पेरुंबाक्कमसारख्या महानगरी वसाहतींना तिचा उपयोग नव्हता.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळता येईल. पहिली अडचण बुद्धीची नसते, हाताची असते. माऊस हे उपकरण आडव्या मेजावर फिरते आणि त्याचा बाण उभ्या पडद्यावर फिरतो. हाताची दिशा आणि डोळ्याची दिशा यांचा हा मेळ लहानपणापासून सवय नसलेल्या माणसाला सरावानेच जमतो, आणि मेजाची कडा आली की माऊस उचलून पुन्हा मध्यभागी ठेवायचा असतो ही साधी गोष्टही कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. १९९० मध्ये विंडोज ३.० या प्रणालीबरोबर दिलेला पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ केवळ करमणुकीसाठी नव्हता. वस्तू पकडून ओढण्याची आणि सोडण्याची सवय वापरणाऱ्याच्या हाताला लागावी हाही त्यामागील हेतू होता. दिल्लीतील कालकाजी येथे १९९९ मध्ये सुगाता मित्रा यांनी भिंतीत बसवलेल्या संगणकावर मुले शिक्षकाविना, घोळक्याने, हे सारे शिकली. प्रौढांच्या बाबतीत तसे घडत नाही, कारण चारचौघांत चुकण्याची लाज आणि यंत्र बिघडण्याची धास्ती त्यांच्या हाताला बांधून ठेवते. म्हणून एक पथ्य कसोशीने पाळावे लागते : शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या हातातला माऊस किंवा फोन आपल्या हातात घेऊ नये. ‘थांबा, मी करून दाखवतो’ या वाक्याने काम होते, शिक्षण होत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. फोन सराईतपणे वापरणाऱ्यांनाही आपण काढलेले छायाचित्र, भरलेला अर्ज किंवा आलेली पावती नेमकी कोठे असते हे सांगता येत नाही. फाईल म्हणजे नाव देऊन साठवलेली एक नोंद, फोल्डर म्हणजे अशा नोंदी ठेवण्याची जागा, आणि सर्व्हर म्हणजे दूर कोठेतरी सतत चालू असलेला, मागणी येईल तशी माहिती पुरवणारा संगणक. ब्राउझर ही त्या दूरच्या संगणकाकडे मागणी नोंदवणारी आणि आलेले उत्तर पडद्यावर मांडणारी प्रणाली होय. ‘डाउनलोड’ केल्याने मूळ नोंद हलत नाही. तलाठ्याकडून सातबाराचा उतारा घेतला तरी मूळ दप्तर जागेवरच राहते, तसेच हे असते. एवढे चित्र मनात नीट बसले की पुढील बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात : आपल्या फोनमधून पुसलेले छायाचित्र ज्यांना पाठवले त्यांच्या फोनमध्ये का उरते, नेट बंद असताना जुनी छायाचित्रे दिसतात पण बँकेची शिल्लक का दिसत नाही, आणि फोन हरवला तरी दुसऱ्या फोनवर आपली पत्रे कशी मिळतात. बहुतेक शिकवण्यांत मात्र ‘येथे दाबा, मग तेथे दाबा’ अशी पायऱ्यांची वही भरून घेतली जाते, आणि ॲपची पुढची आवृत्ती येऊन बटण उजवीकडून डावीकडे गेले की ती वही निरुपयोगी होते.

तिसरी गोष्ट लिपीची. तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. ज्याला इंग्रजी अक्षरे जेमतेम ओळखता येतात अशा माणसाला मराठी किंवा तमिळ लिहिण्यासाठीही आधी रोमन अक्षरे शोधायला लावणे म्हणजे एका शिक्षणाच्या दारात दुसरे अवघड शिक्षण उभे करणे होय. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या आणि नंतर सुधारलेल्या इन्स्क्रिप्ट या कळफलकावर स्वरचिन्हे डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात, आणि त्याची मांडणी सर्व भारतीय लिप्यांसाठी सारखी असल्याने देवनागरीतील ‘क’ ज्या कळीवर असतो त्याच कळीवर तमिळमधील ‘क’ही सापडतो. या कळफलकावर ‘शोळिंगनल्लूर’ हे नाव लिहायचे तर श, ओकाराची मात्रा, ळ, पहिली वेलांटी, अनुस्वार, ग, न, ल, हलन्त, ल, दुसरा उकार आणि र अशा बारा कळा क्रमाने दाबाव्या लागतात. येथे दोन गोष्टी नवशिक्याला थबकवतात. पहिली वेलांटी पडद्यावर ‘ळ’च्या आधी उमटते, पण ती टंकायची असते ‘ळ’नंतर, कारण यंत्र अक्षरे दिसतात त्या क्रमाने नव्हे, तर उच्चारली जातात त्या क्रमाने साठवते. जुन्या टाईपरायटरवर वेलांटी आधी मारण्याची सवय असलेल्या निवृत्त कारकुनाला हे विशेष चमत्कारिक वाटते. दुसरी गोष्ट ‘ल्लू’ या जोडाक्षराची : पहिल्या ‘ल’नंतर हलन्त दिला की पुढचा ‘ल’ त्याला जोडला जातो, आणि तोपर्यंत पाय मोडलेला ‘ल्’ पडद्यावर दिसतो, त्यामुळे आपले काहीतरी चुकले असे समजून अनेक जण तेथेच खोडू लागतात. तामिळनाडू शासनाने १९९९ मध्ये मान्य केलेल्या ‘तमिळ ९९’ या कळफलकात हा त्रास हुशारीने टाळला आहे. तेथे तेच व्यंजन दोनदा दाबले की पहिल्यावर पुळ्ळी, म्हणजे स्वर काढून टाकणारा ठिपका, आपोआप बसतो, आणि व्यंजनानंतर स्वराची कळ दाबली की तिचे चिन्हात रूपांतर होते, त्यामुळे मात्रांसाठी वेगळ्या कळा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

२०१७ पासून गूगलच्या बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषा आल्या असल्यामुळे आता कळफलक शिकवायचाच कशाला, असा प्रश्न केला जातो. संदेश पाठवण्यापुरते ते ठीक आहे; पण अर्जातील नाव, गावाचे नाव, आडनाव यांत यंत्राने केलेली चूक ओळखून दुरुस्त करायची तर अक्षर कसे घडते हे ठाऊक असावे लागते. आधारवर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि बँकेत तिसरे नाव असल्याने अडकलेल्या कामांची संख्या पाहता ही बाब किरकोळ नाही.

पैशाच्या व्यवहारांबाबत मात्र थोडक्यात आणि ठामपणे शिकवणेच श्रेयस्कर. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या व्यवस्थेत गुप्त पिन फक्त पैसे देताना किंवा आपली शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, आणि पैसे देण्यासाठीचा क्यूआर कोड, म्हणजे खात्याचा पत्ता सांगणारी चौकोनी ठिपक्यांची आकृती, स्कॅन केल्याने आपल्या खात्यात पैसे जमा होत नाहीत. हे एक वाक्य पाठ असले तरी फसवणुकीचे कित्येक प्रकार जागीच थांबतात. बँकेचा क्रमांक शोधयंत्रात शोधून जो पहिला दिसेल त्याला दूरध्वनी करण्याची सवय घातक आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितल्याने पत्त्याचा शेवट वाचायला शिकवणे आता सोपे झाले आहे. पोलीस असल्याचे भासवून चित्रसंवादावर तासन्‌तास डांबून ठेवणाऱ्या, ‘डिजिटल अटक’ म्हणवणाऱ्या प्रकाराला कायद्यात कोठेही आधार नाही, आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक, हेही पहिल्या आठवड्यातच सांगायला हवे. पैसे गमावलेला नवशिका बहुधा लाजेने गप्प बसतो. त्याला दोष न देता तक्रार करायला लावणे हे शिकवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

माध्यमांची जाण हा भाग अभ्यासक्रमात शेवटी टाकला जातो, ही मोठी चूक आहे. तिची किंमत लोकांनी प्राण देऊन मोजली आहे. २०१८ च्या मे महिन्यात तामिळनाडूतील तिरुवण्णामलै जिल्ह्यात देवदर्शनाला आलेल्या चेन्नईच्या एका वृद्ध स्त्रीला मुले पळवणारी समजून जमावाने ठार मारले, आणि १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षुकांचा तशाच संशयावरून बळी गेला. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती : मोटारसायकलवरून आलेले दोघे मुलाला उचलून नेतात, क्षणात परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. फिरवणाऱ्यांनी तिचा शेवट कापून टाकला होता. नवशिक्यांच्या वर्गात माध्यमे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. आधी कापलेला भाग दाखवावा, मग पूर्ण, आणि या दोहोंमध्ये ‘यात गाव कोणते दिसते, गाडीच्या पाटीवर काय लिहिले आहे, हे प्रथम कोणी पाठवले’ हे प्रश्न विचारावेत.

या घटनांनंतर व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तसे दर्शवणारी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे अनेकदा फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण दिसू लागली. ही खूण रोज डोळ्यांसमोर असूनही तिचा अर्थ ठाऊक नसलेले लोक असंख्य आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याच्या खोट्या चित्रफिती पसरल्या आणि भयभीत मजूर गावाकडे परतू लागले. दुसऱ्या प्रांतातून पोटासाठी आलेल्यांना तेथील भाषा कळत नसल्याने अफवा तपासण्याचे त्यांचे साधन तोकडे असते, आणि ही गोष्ट चेन्नईतील मराठी कुटुंबांनाही तितकीच लागू पडते.

वीस तासांचा वर्ग संपल्यावर काय, हा प्रश्न यानंतर उरतो. पुदुच्चेरीची केंद्रे ही प्रशिक्षणाची वर्गखोली नव्हती तर रोज उघडी असणारी, पुन्हा पुन्हा विचारायला जाता येईल अशी जागा होती. वर्ग भरवून प्रमाणपत्र देणाऱ्या योजनांत नेमकी हीच उणीव असते. अशी जागा नव्याने बांधण्याची गरज नाही. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून आलेल्या १९४८ च्या मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार तामिळनाडूत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर घेतला जातो, आणि शोळिंगनल्लूरमधील प्रत्येक सदनिकाधारक, मग तो पुण्याचा असो की तंजावरचा, तो भरतो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा कर नसला तरी शासकीय अनुदानावर चालणारी हजारो वाचनालये गावोगाव आहेत. अशा वाचनालयात आठवड्यातून ठरलेल्या दोन संध्याकाळी एक जाणकार माणूस मानधनावर बसवावा, त्याच्यापुढे एक संगणक आणि दोन खुर्च्या असाव्यात, येणाऱ्याने आपला फोन आणि आपले अडलेले काम घेऊन यावे, आणि ते काम त्याच्याच हाताने पुरे होईपर्यंत जाणकाराने फक्त सांगावे.